मेदव्येद: मध खाणारा की मध जाणणारा?

प्रश्न थोडक्यात असा. ब्रनोमध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकाला त्याच्या चेक सहकाऱ्याने सांगितलं, की अस्वलाला चेकमध्ये 'मेदव्येद' म्हणतात. त्यातला 'मेद' म्हणजे मध आणि 'व्येद्येत' म्हणजे जाणणे, म्हणून अस्वल म्हणजे 'मध जाणणारा'. वाचक विचारतो: 'मेद' म्हणजे आपला मधु आणि 'व्येद' म्हणजे आपला वेद, हे तर उघड दिसतंय. मग हा शब्द संस्कृतातूनच चेकमध्ये गेला ना?

मधुचं बरोबर आहे, वेदाचं चूक, आणि 'संस्कृतातून गेला' हे तर पारच चूक. पण शब्द असा निवडलात की त्यात स्लाव्ह भाषांच्या (चेक, पोलिश, रशियन वगैरे) इतिहासातल्या दोन-तीन मोठ्या गोष्टी एकाच जागी सापडतात. मी स्लाव्ह भाषांचा इतिहास शिकवतो आणि पहिल्या तासाला बहुतेक वेळा हाच शब्द घेतो. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी उच्चार. लिहिताना शेवटी 'द' असला तरी चेक माणूस एकवचनात 'मेदव्येत' म्हणतो, कारण शब्दाच्या शेवटचा घोष वर्ण तिथे अघोष होतो. विभक्ती लागली की 'द' परत येतो: 'मेदव्येदा'. व्युत्पत्तीसाठी हा 'द'च धरायचा. आपल्या 'मेदा'शी, म्हणजे चरबीशी, याचं काही नातं नाही.

आता हा शब्द कुठे तोडायचा? तुमचा सहकारी 'मेद + व्येद' असा तोडतो. बरोबर जागा 'मेदव् + येद' ही आहे. मधला 'व' दुसऱ्या शब्दाचा नाही, पहिल्याचाच आहे. मूळ शब्द 'मेदु' असा उकारान्त होता आणि त्याच्यापुढे स्वर आल्यावर उकाराचा व झाला. शाळेत मनु + अंतर = मन्वंतर हा संधी आपण सगळेच शिकलोय. सिद्धान्तकौमुदी या संस्कृत व्याकरणग्रंथात तर याच नियमाचं उदाहरण 'मध्वरि' असं दिलंय, मधु + अरि. चेक अस्वलाच्या नावात नेमका हाच संधी दडलाय, फक्त तो चेक भाषा वेगळी होण्याच्या कितीतरी आधी झालेला आहे.

पुढचा 'येद' म्हणजे खाणे. चेकमध्ये खाणे 'यीस्त', अन्न 'यीद्लो', दुपारचं जेवण 'ओब्येद'. 'ओब्येद'मधला 'येद' आणि अस्वलातला 'येद' एकच. संस्कृतात हाच धातू 'अद्': अद्मि, अत्ति, आणि त्यावरूनच 'अन्न'. लॅटिनमध्ये एदो, इंग्रजीत ईट. म्हणजे मेदव्येद हा 'मध खाणारा'.

सहकाऱ्याला दोष देऊ नका. चेक माणसाला त्याच्या भाषेतून दुसरं काही दिसणं कठीण आहे. मधाचा उकार प्रथमेच्या रूपातून केव्हाच गळाला, उरलं नुसतं 'मेद'. मग शब्दात 'व' कशाला, याचं उत्तर हाताशी राहिलं नाही, आणि 'व्येद्येत' हा रोजच्या वापरातला शब्द शेजारीच होता. तो उकार पुरता गेलाय असंही नाही. 'मधाचा' म्हणायचं तर चेकमध्ये 'मेदु' म्हणतात. हे जुन्या उकारान्त नामाचं षष्ठीचं रूप, वैदिक 'मधोः'चं सख्खं भावंड. आणखी एक पुरावा: माणूस खाणाऱ्याला चेकमध्ये 'लिदोयेद' म्हणतात. हा अलीकडच्या घडणीचा समास, मध्ये जोड-स्वर 'ओ'. मेदव्येद इतका जुना, की त्यात असा ओ नाही, मूळ प्रातिपदिकाचा उकारच थेट धातूला भिडलाय. वेदांतला 'क्रव्याद' हाही याच घराण्यातला, कच्चं मांस खाणारा. त्यातल्या 'क्रव्या'चा नातलग चेकमध्ये 'क्रेव', म्हणजे रक्त.

या शब्दातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट मात्र 'द' आणि 'ध' यांची आहे. संस्कृतात मधुमध्ये ध आहे, अद्मध्ये द. चेकमध्ये दोन्हींचा द झाला, कारण स्लाव्ह भाषांनी घ, ध, भ असे महाप्राण सगळेच सोडून दिले. तर मग तो फरक तिथे कायमचा पुसला गेला का? नाही. 1970च्या दशकात व्हर्नर विंटर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने एक नियम मांडला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बाल्टिक (लिथुआनियन, लाटव्हियन) आणि स्लाव्ह भाषांच्या सामाईक पूर्वजात ग, द, ब या अल्पप्राण वर्णांच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. घ, ध, भ यांच्या आधीचा झाला नाही. आता मेदव्येद परत बघा. पहिल्या भागात मुळात 'मेधु', ध होता, म्हणून 'ए' ऱ्हस्वच राहिला आणि आज साधा ए आहे. दुसऱ्या भागात मुळात 'एद्', द होता, म्हणून ए लांबला आणि त्या लांब ए-चा पुढे 'ये' झाला. चेक लिपीत त्या अक्षरावर छोटी उलटी टोपी असते. ती टोपी सांगते, की इथे मूळचा द होता. संस्कृतने व्यंजनात जपलेला फरक चेकने स्वरात जपला. दोन सारख्या 'द'च्या आधी दोन वेगळे स्वर, आणि त्याचं कारण कळायला मधु आणि अद् शेजारी ठेवावे लागतात. नियम नुसता पाठ करून हे डोक्यात राहत नाही, हा एक शब्द समोर ठेवला की राहतं. (विंटरच्या नियमाला अपवाद आहेत आणि त्यावर अजून भांडणं चालतात, पण हा शब्द त्या भांडणात नाही.)

तुमच्या प्रश्नातला वेद कुठे गेला, तेही सांगतो. 'व्येद्येत' आणि संस्कृत 'विद्' यांचं नातं शंभर टक्के खरं आहे. चेकमध्ये 'व्येदा' म्हणजे विज्ञान. फक्त अस्वलाशी त्याचा संबंध नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे एका ठिकाणी हे दोन्ही शब्द अगदी खेटून आलेत. कठोपनिषदात 'य इमं मध्वदं वेद आत्मानं जीवमन्तिकात्' अशी ओळ आहे. 'मध्वदं वेद': जो या मध्वदाला जाणतो. खाणारा वेगळा, जाणणारा वेगळा. शंकराचार्य इथल्या मध्वदाचा अर्थ कर्मफळ भोगणारा जीव असा लावतात. त्याही आधी ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात, 'द्वा सुपर्णा सयुजा सखाया' या प्रसिद्ध ऋचेनंतर दोनच ऋचांनी, 'मध्वदः सुपर्णाः' येतात, मधु खाणारे पक्षी. मध्वद् आणि मेदव्येद, तुकडा न् तुकडा तोच. वेदात तो पक्षी आणि जीव, प्रागमध्ये अस्वल.

मग एकाने दुसऱ्याकडून घेतला का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. दोघांनी वडिलोपार्जित मालमत्तेतून तेच दोन तुकडे उचलले आणि आपापल्या कामासाठी जोडले. स्लाव्हांची सगळ्यात जवळची भावंडं म्हणजे लिथुआनियन आणि लाटव्हियन. लिथुआनियनमध्ये अस्वल 'लोकीस', लाटव्हियनमध्ये 'लात्सिस', म्हणजे शब्दच निराळा. मध मात्र त्यांच्याकडेही 'मेदुस'. म्हणजे मध वाटणीच्या आधीचा आणि मध खाणारं अस्वल वाटणीनंतरचं. सगळ्या स्लाव्ह भाषांत तो आहे, रशियनपासून स्लोव्हेनियनपर्यंत, म्हणून ते पांगण्याच्या आधीचाही आहे. स्लाव्ह लोक बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियाच्या पश्चिम भागात, सहाव्या शतकात पोचले, ते हा शब्द तोंडात घेऊनच.

'संस्कृतातून आला' याला अडचण काळाची नाही, स्वरांची आहे. मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, चेक या सगळ्यांच्या सामाईक पूर्वज भाषेत, ए, ओ, अ असे तीन वेगळे ऱ्हस्व स्वर होते. संस्कृतने तिन्हींचा 'अ' करून टाकला. मधु आणि अद्, दोन्हींत अ. चेकमध्ये मेद आणि येद, ए. पण अवि म्हणजे मेंढी घ्या, चेकमध्ये 'ओव्त्से', तिथे ओ. अष्ट घ्या, चेकमध्ये 'ओसम'. ग्रीक आणि लॅटिनही बहुधा याच वाटणीला साक्ष देतात. चेकने संस्कृतकडून शब्द घेतले असते तर कुठल्या अ-चा ए करायचा आणि कुठल्याचा ओ, हे त्यांना कोणी सांगितलं असतं? एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही. संस्कृतातला 'च' (आणि) हाच मुळी कबुलीजबाब आहे. लॅटिन 'क्वे', ग्रीक 'ते'. पुढे ए होता म्हणून मूळच्या क-सारख्या वर्णाचा च झाला, आणि मग तो ए स्वतः अ होऊन बसला.

याची एक प्रागशी जोडलेली गोष्ट आहे. आउगुस्ट श्लायशर हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ 1850 ते 1857 प्रागमध्ये प्राध्यापक होता. याच माणसाने 1868 मध्ये मूळ इंडो-युरोपीय भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्ट लिहून दाखवली. त्यात मेंढी 'अविस' आहे, अगदी संस्कृतसारखी, कारण तेव्हा संस्कृतचे स्वर सगळ्यात जुने मानले जात. नंतरच्या अभ्यासकांनी तीच गोष्ट पुन्हा लिहिली तेव्हा मेंढीची 'ओविस' झाली. श्लायशरने सात वर्षं ज्या गावात काढली तिथे बाजारात मेंढीला 'ओव्त्से'च म्हणत होते!

आता मुख्य प्रश्नाकडे, जो तुम्ही विचारला नाही. अस्वलाला 'मध खाणारा' असं आडून का म्हणायचं? त्याला सरळ नाव नव्हतं का?

होतं, आणि चांगलं दणदणीत होतं. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, वेल्शमध्ये आर्थ, प्राचीन हित्ती भाषेत हार्तग्गा. जांबवान ऋक्षराज होता तो यातला ऋक्ष. हिंदीत रीछ, जुन्या मराठीत रीस. हित्तींच्या अनातोलियापासून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानापासून, वेल्सपर्यंत हा शब्द पसरलाय आणि उत्तरेच्या जंगलपट्ट्यात, म्हणजे स्लाव्ह, बाल्टिक आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे) भाषांत, नेमका गायब आहे. म्हणजे जिथे अस्वलाशी रोजची गाठ, तिथेच नाव नाहीसं. 1906 मध्ये आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याचं कारण मांडलं: नाव घेतलं तर जनावर येईल, या भीतीने ते घेणंच बंद झालं. स्लाव्हांनी मध खाणारा म्हटलं. जर्मानिक 'बेअर'चा अर्थ बहुतेक अभ्यासक 'तपकिऱ्या' असा लावतात.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना 'जातो' म्हटलं तर आजी हटकते, 'येतो म्हण'. फरक इतकाच, की आपल्याकडे साप हा शब्द दिवसा तरी वापरात राहिला. स्लाव्हांकडे मूळ नाव पिढ्यान्पिढ्या इतकं टाळलं गेलं, की ते कोणाच्या लक्षातच राहिलं नाही आणि आडून घेतलेलं नाव हेच खरं नाव झालं.

आपल्याकडे हाच ऋक्ष आकाशातही गेला. ऋग्वेदात रात्री उंचावर दिसणारे 'ऋक्षाः' आहेत, आणि शतपथ ब्राह्मण सरळच सांगतं, की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ग्रीकांनी त्याच तारकांना आर्क्तोस म्हटलं आणि त्या ज्या दिशेला दिसतात तो प्रदेश झाला आर्क्टिक. चेकमध्ये त्या सात तारकांना साध्या बोलीत 'वेल्की वूझ', मोठी गाडी, म्हणतात. पूर्ण तारकासमूहाचं नाव मात्र 'वेल्का मेदव्येदित्से', मोठी अस्वलीण. आर्क्टिकला चेकमध्ये 'आर्क्तिदा' म्हणतात. भीतीने हाकललेलं नाव ग्रीकांच्या दारातून असं परत घरात शिरलं, पण ते अस्वल आहे हे कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

'मध खाणारा' हेच नाव झालं म्हटल्यावर त्यालाही पुन्हा आडून घ्यायची नावं आली. चेकमध्ये 'ब्रत्नीक' असा जुना शब्द आहे. 'ब्रत' म्हणजे झाडाच्या ढोलीतलं रानमाशांचं पोळं, आणि ते लुटणारा तो ब्रत्नीक. मुलांच्या तोंडी 'मेद्या'. प्राणिशास्त्रात आज 'मेदव्येद ह्नेदी', म्हणजे तपकिरी मेदव्येद, त्यामुळे जर्मानिकांचा तपकिऱ्याही शेवटी येऊन मिळालाच. पोलिश भाषेत म-चा न झाला, 'न्येज्व्येच'. युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन 'वेदमीद'. काहीजण म्हणतात ही मोडतोडही भीतीपोटी, मुद्दाम केलेली. मला त्यात साधी जिभेची ओढाताणच जास्त दिसते, कारण म-चा न झालेला प्रकार जुन्या चेकमध्येही होता आणि तो कुठे लपवलेला नाही, उघड आडनावात बसलाय: नेदव्येद. 2003 चा बॅलन डी'ऑर जिंकणारा पावेल नेदव्येद तुम्हाला आठवत असेल. त्याच्या जर्सीवर अस्वलच लिहिलेलं होतं.

बोहेमियातून खरं अस्वल मात्र केव्हाच गेलं. शुमावाच्या डोंगरातलं शेवटचं अस्वल 1856 मध्ये मारलं गेलं. त्या भागात 'अस्वलवाट' नावाची पायवाट आहे, सुट्टीत जमलं तर जा. चेस्की क्रुमलॉव्हच्या किल्ल्याच्या खंदकात अस्वलं पाळण्याची जुनी प्रथा आहे, तिच्या मुळाशीही शब्दच आहे. तिथले रोझम्बेर्क सरदार आपलं मूळ इटलीतल्या ओर्सिनी घराण्याशी जोडत. ओर्सिनीतला 'ओर्सो' म्हणजे अस्वल, लॅटिन उर्सुस, म्हणजे पुन्हा आपला ऋक्ष.

'मध' आणि 'खाणे' हे दोन तुकडे किती जुने, हे राहिलं. मधाचा प्रवास लांबचा आहे: ग्रीकमध्ये मेथु म्हणजे मद्य, इंग्रजीत मीड, आणि चिनी भाषेतला मधाचा शब्द 'मी' हा मध्य आशियातल्या तोखारी भाषेतून गेला असं सर्वसाधारणपणे मानतात. आपल्याकडे 'मधूक' या झाडाच्या नावाचं 'मोह' झालं, आणि विदर्भातल्या जंगलात उन्हाळ्यात त्या फुलांवर अस्वलं तुटून पडतात, म्हणजे मध्वद् तीही.

'अद्'ची गोष्ट तर एका चेक माणसाचीच आहे. बेद्रझिख ह्रोझ्नी, जन्म 1879, गाव लिसा नाद लाबेम. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो हित्ती भाषेच्या मातीच्या पाट्यांवर डोकं घालून बसला होता. लिपी वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. एका वाक्यात भाकरीचं सुमेरी चिन्ह त्याला ओळखू आलं. पुढे शब्द होता 'एझ्झात्तेनी', मग 'वातार' आणि 'एकुत्तेनी'. भाकरी असेल तर खाणं असणार, आणि 'एझ्झा' हे जर्मन एसेन, लॅटिन एदो यांच्यासारखं दिसतंय. वातार म्हणजे पाणी, चेकमध्ये वोदा. वाक्य लागलं: 'तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल.' 1915 मध्ये त्याने जाहीर केलं, की हित्ती ही इंडो-युरोपीय भाषा आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीत सापडलेला तो 'एद्' आणि मेदव्येदच्या शेपटातला 'येद' एकच आहेत.

तुम्ही पुढे स्वतः असे शब्द जुळवून बघणार असाल, तर एक सवय लावून घ्या: दिसण्यावर जाऊ नका, नियम लागतो का ते बघा. प्रागच्या 'माला स्त्राना' भागाच्या नावातला 'माला' म्हणजे लहान. त्याचा आपल्या 'मला'शी काडीचा संबंध नाही. उलट 'स्नखा' हा शब्द मराठी कानाला अगदी परका वाटतो. अर्थ सून. संस्कृतात स्नुषा, प्राकृतात सुण्हा, मराठीत सून. इथे प्रत्येक अक्षराचा हिशेब लागतो, स-चा ख सुद्धा, कारण स्लाव्ह भाषांत उकारानंतरच्या स-चा ख होतो आणि संस्कृतात त्याच जागी ष. 'व्दोवा' आणि विधवा ही जोडी तुम्ही करून बघा. फक्त सुरुवात व-पासून नको, ध-पासून करा.